पहिल्यांदा समूहनाच बसवताना

डिसेंबर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. त्याआधी गणपतीत गल्लीचा कार्यक्रम झालेला असतो, पुढे गावोगावच्या जत्रा असतात. दर वेळी कुणा बाईंवर, सरांवर किंवा गल्लीतल्या एखाद्या ताईवर काम येतं: "तेवढा एक नाच बसवा की." हाती तीन आठवडे असतात. नवखा माणूस मोबाइलवर स्टेप्स शोधायला लागतो आणि पहिला आठवडा त्यातच जातो.

स्टेप्स नंतर. आधी जागा. तीस फुटांवर खुर्चीत बसलेल्याला बोटांची मुद्रा दिसत नाही, पायाची नाजूक ठेच दिसत नाही. त्याला दिसतं ते बारा माणसं कुठून निघून कुठे गेली, वाटेत एकमेकांना धडकली का, आणि पोचल्यावर रांग सरळ होती का. सोप्या चार स्टेप्स आणि स्वच्छ जागाबदल असलेला नाच अवघड वीस स्टेप्सच्या गर्दीपेक्षा कधीही देखणा दिसतो. म्हणून या लेखात जास्त मजकूर जागांवर आहे. उदाहरण म्हणून १२ मुली, ४ मिनिटांचं गाणं आणि २४ फूट रुंद, १६ फूट खोल स्टेज धरलं आहे. बाराच का? कारण १२ चे दोन, तीन, चार, सहा असे सगळे भाग पडतात. तेरावी एक बदली हवीच, तिच्याबद्दल पुढे.

टेप घेऊन स्टेजवर जा

कुमार गंधर्व रंगमंदिरासारखं पक्कं सभागृह असो की मंडपवाल्याने लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून केलेलं गावातलं स्टेज असो, मोजल्याशिवाय कागदावर एक ठिपकाही काढू नका. "बरंच मोठं आहे" या उत्तरावर विसंबलात तर शेवटच्या दिवशी गोल मावत नाही.

मोजलेली सगळी जागा नाचाला मिळत नाही. पुढचे ३ फूट माइक, साउंडवाल्याचे मॉनिटर आणि सत्काराच्या कुंड्या घेतात. मागे पडद्याला अंग लागू नये म्हणून २ फूट सोडा. दोन्ही विंगांकडे २-२ फूट. म्हणजे २४ बाय १६ च्या स्टेजवर हातात उरतात २० बाय ११ फूट. हाच आकडा खरा मानायचा.

साध्या नाचाला एका मुलीला आडवे ४ फूट लागतात, लेझीम असेल तर ५. त्यामुळे बारा जणींची एकच आडवी रांग इथे होत नाही. चार-चारच्या तीन रांगा होतात. दोन रांगांत ४ फुटांचं अंतर ठेवा आणि मागच्या मुली पुढच्या दोघींच्या फटीत उभ्या करा. एकामागे एक उभ्या केल्या तर मागच्या आठ जणींचे आईवडील रात्रभर पुढच्या मुलींच्या पाठीच बघतील.

गोलाचं गणित तर आधीच करून ठेवा, कारण सगळ्यांना गोल हवाच असतो. एकीला ४ फूट धरले तर बारा जणींच्या गोलाचा घेर ४८ फूट होतो. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास १५ फुटांच्या वर जातो, आणि आपल्याकडे खोली आहे ११. जबरदस्तीने कोंबला की त्याचा चपटा अंडाकार होतो. त्यापेक्षा सहा-सहा जणींचे दोन गोल करा. प्रत्येकाचा व्यास साडेसात फूट, दोन शेजारी मांडले तरी मध्ये चालायला वाट उरते. दोन्ही गोल उलट दिशांनी फिरवले की एका मोठ्या गोलापेक्षा जास्त भरलेलं दिसतं.

आता हेच माप सरावाच्या जागी उतरवा. शाळेच्या मैदानावर चुना, देवळाच्या मंडपात रांगोळी किंवा खडू. २० बाय ११ चा चौकोन, मधली उभी रेघ, आणि पुढच्या कडेवर दर अडीच फुटांवर खूण. मधली खूण शून्य, तिच्या दोन्ही बाजूंना एक, दोन, तीन, चार. स्टेजवर याच खुणा रंगीत चिकटपट्टीने लावायच्या. मुलीला "थोडी तिकडे सरक" असं सांगण्यापेक्षा "तू उजव्या दोनवर" हे सांगणं सोपं, आणि तिला लक्षात ठेवायलाही सोपं.

उजवं म्हणजे कुणाचं उजवं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नाचणारीचं, प्रेक्षकांकडे तोंड केल्यावरचं. "देवळाच्या बाजूला", "रस्त्याच्या बाजूला" अशी खूण सरावात फार सोयीची वाटते, पण खऱ्या स्टेजवर देऊळही नसतं आणि रस्ताही नसतो. आपल्या भागात गटात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलीही असतात. घाईत त्यांना "बलक्के", "एडक्के" लवकर कळतं, तर तेही वापरा. मात्र मोजणी एकाच भाषेत ठेवा. अर्धा सराव "एक, दोन, तीन" आणि अर्धा "ओंदु, एरडु, मूरु" असा झाला की वेगात कुठलीच मोजणी अंगात भिनत नाही.

गाण्याचा नकाशा

गाणं दहा वेळा ऐका, नाच न करता. वही घेऊन कुठल्या सेकंदाला काय सुरू होतं ते लिहा: सुरुवातीचं वाजप, ध्रुवपद, पहिलं कडवं, मधलं संगीत, पुन्हा ध्रुवपद. मग गती काढा. १५ सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजा आणि चारने गुणा. १२० आलं, तर ४ मिनिटांत ४८० मात्रा (ठोके), म्हणजे ६० आठवे (आठ-आठ मात्रांचे गट). या ६० घरांचा तक्ता वहीत आखला की तुमचा नाच कागदावर दिसायला लागतो.

इथे एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते: प्रत्येक गाणं आठात मोजणं. ढोलकीवरची पुष्कळ गाणी केरव्याच्या अंगाची असतात, ती आठात बसतात. भजनी ठेकाही आठाचा. पण बऱ्याच कोळीगीतांची चाल दादऱ्याची, सहा मात्रांची असते: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. त्यावर आठाची स्टेप बसवली की गाण्याच्या चार आवर्तनांत (सहा मात्रांच्या चार फेऱ्यांत) एकदाच सम (फेरीची पहिली मात्रा) सापडते आणि मुली मधल्या काळात हवेत तरंगतात. दोष मुलींना मिळतो, चूक मोजणीची असते. ताल कळत नसेल तर गावातल्या भजनी मंडळातल्या तबलजीला किंवा ढोलकीवाल्याला गाणं ऐकवा. तो अर्ध्या मिनिटात सांगेल.

दुसरी अडचण जास्तीच्या चार मात्रांची. कडवं संपून ध्रुवपद सुरू होताना संगीतकाराने पुष्कळदा अर्धं आवर्तन भरलेलं असतं. तक्त्यात ते घर वेगळ्या रंगाने रंगवा आणि तिथे सगळ्यांना जागेवर उभं ठेवा: एक गिरकी, किंवा नुसती मान वळवणं. तिथे जागाबदल ठेवला तर अर्ध्या जणी लवकर निघतील.

गाणं कापायचं असेल तर कडव्यासकट कापा. ओळीच्या मध्ये कापलेलं गाणं सरावात चालून जातं, पण कानाला ते खटकतच राहतं आणि पाय तिथेच अडखळतो. साडेतीन ते चार मिनिटं पुरेत. त्यापुढे लहान मुलांचा दमही जातो.

ठिपके आणि बाण

चार मिनिटांच्या नाचाला सहा ते सात रचना खूप झाल्या. दर रचनेला वहीचं एक पान. चौकोन काढा, बारा ठिपके, प्रत्येकाला मुलीचा क्रमांक. पुढच्या पानावर पुढची रचना, आणि दोन्हींच्या मध्ये बाण: कोण कुठून कुठे. नाच टिपून ठेवण्याची खरी लिपीसुद्धा आहे, रुडॉल्फ लाबान यांनी ती १९२८ साली प्रसिद्ध केली. आपल्याला तेवढ्या खोलात जायची गरज नाही, पण नाच कागदावर उतरला पाहिजे ही गोष्ट तिच्यातून घ्यावी. तुम्ही एक दिवस आजारी पडलात तर वहीवरून दुसऱ्याला सराव घेता यावा.

बाण काढताना अंतर तपासा. १२० च्या गतीला एका मात्रेवर एक पाऊल, पाऊल साधारण दीड फुटाचं. म्हणजे एका आठव्यात १२ फूट. नऊवारीत किंवा घागऱ्यात पाऊल फुटावर येतं, मग ८ फूटच. एखाद्या मुलीला डाव्या टोकावरून उजव्या टोकाला १८ फूट न्यायचं असेल तर तिला दोन आठवे द्या, नाहीतर ती धावेल आणि धावताना दिसेल. उरलेल्या अकरा जणी डौलात आणि एक जण पळतेय, हे दृश्य तुम्ही प्रत्येक संमेलनात पाहिलं असेल. ते तिचं अज्ञान नसतं, कागदावरचा बाण लांब असतो.

वाटा एकमेकींना छेदतात तिथे नियम एकच ठेवा: उजव्या खांद्याला उजवा खांदा ठेवून जायचं. रांगेतून रांग जाताना विषम क्रमांक आधी, दोन मात्रांनंतर सम. सगळ्या एकाच मात्रेवर निघाल्या की मध्यावर गाठ पडतेच. आणि शक्यतो सगळ्या बारा जणींना एकदम हलवू नका. सहा जणी जागेवर स्टेप करत राहिल्या आणि सहा जणी फिरल्या, तर बघणाऱ्याच्या डोळ्याला टेकायला जागा मिळते आणि चूकही झाकली जाते.

उंचीचा प्रश्न येतो. ठेंगण्या पुढे, उंच मागे, हे बरोबरच. पण तीच मांडणी चारही मिनिटं ठेवली तर उंच मुली कधीच पुढे येत नाहीत, आणि त्यांचा उत्साह तिसऱ्या सरावाला मावळतो. किमान एका रचनेत मागची रांग पुढे आणा आणि पुढच्या मुलींना गुडघ्यावर बसवा.

आता स्टेप्स

पाच. फार तर सहा. ध्रुवपदाची एक पक्की स्टेप, जी दर वेळी तशीच येईल. कडव्यांना दोन, मधल्या संगीताला एक, चालण्याची एक. एकच स्टेप दिशा बदलून, दोन गटांत चार मात्रांच्या फरकाने, किंवा बसून-उभं राहून केली की नवी वाटते.

लेझीम घेत असाल तर निम्मं काम शाळेच्या पीटीनेच केलेलं असतं. चार आवाज, एक जगह, आदि लगाव, आगे फलांग, दो रुख हे प्रकार पुष्कळ मुलांना माहीत असतात, तेच गाण्यावर बसवा. पण लेझमीचा स्वभाव ओळखा: ती वाद्यही आहे. हात अर्ध्या मात्रेने मागे राहिला तर डोळा माफ करतो, कान करत नाही, कारण बारा लेझमींमधली एक उशिरा खणकलेली लगेच ऐकू येते. शिवाय बारा लेझमींच्या आवाजात स्पीकरवरचं गाणं मुलींना ऐकू येत नाही. गावात हलगी वाजवणारा असेल तर लेझीम हलगीवरच घ्या. त्याला स्टेजच्या कडेला असा बसवा की त्याला मुलींचे पाय दिसतील आणि मुलींना त्याचे हात. सुरुवातीला त्याने एक आठवा मोकळा वाजवायचा, त्यावर मुलींनी गती पकडायची. थेट वाद्यावर गती हळूहळू चढत जाते. सरावात सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे १५ सेकंदांच्या टाळ्या मोजून चारने गुणा. फरक आठ-दहाच्या वर गेला तर हलगीवाल्याशी बोला.

फुगडीला जोडीमागे सहा-सात फुटांचा मोकळा गोल हवा, म्हणजे २० फुटांत आडव्या तीन जोड्याही दाटीनेच. दोनच जोड्या फिरवा, बाकीच्या जणी मागे टाळ्यांवर. स्टेजवरचं जाजम फुगडीत सरकतं आणि पडणं तिथेच होतं. मंडपवाल्याला कडा ठोकून घ्यायला सांगा, पायांत मोजे नकोत.

या भागात रेणुका-यल्लम्मेचं गाणं घ्यायचा मोह होतो. सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे, चौंडकं या वाद्याचा ठेका अंगात लगेच उतरतो. ठेका घ्या, चाल घ्या. डोक्यावरचा जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली) आणि हातातली परडी मात्र रंगवलेल्या पुठ्ठ्याची करून नाचात वापरू नये. देवीच्या सेवेला वाहिलेल्या जोगतींसाठी ती पूजेची वस्तू आहे आणि प्रेक्षकांत तिला हात जोडणारी माणसं बसलेली असतात. जोगती नृत्य ही स्वतंत्र, कसलेली कला आहे. मंजम्मा जोगती यांना तिच्यासाठी २०२१ चा पद्मश्री मिळाला. तिची नक्कल करण्यापेक्षा तिच्यातली एक गोष्ट शिकावी: डोक्यावर भार तोलणाऱ्या बाईची मान आणि कंबर एकमेकींपासून किती मोकळी असते ती.

शिकवताना मुलींकडे पाठ करून उभे राहा. समोर तोंड करून दाखवलं तर तुमचा उजवा हात पाहून निम्म्या जणी डावा उचलतात. समोरून बघायचंच असेल तर तुम्ही आरशासारखं उलट करा, आणि ते रोज तसंच करा.

तीन आठवडे, पंधरा सराव

दीड तासाचे पंधरा सराव पुरतात. पहिल्या दोन सरावांत स्टेप नाहीच. चुन्याच्या चौकोनात तालावर चालणं, थांबणं, वळणं, क्रमांक पाठ करणं. मुलींना कंटाळा येतो, तरी हे सोडू नका. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत स्टेप्स, एका जागी उभं राहून, आधी मोजणीवर आणि मग गाण्यावर. सात ते दहा रचना, त्याही आधी नुसतं चालून. हात खाली, तोंडाने मोजणी. बारा जणी न धडकता चालून पोचायला लागल्या की त्यावर स्टेप चढवायची. दोन्ही एकदम शिकवलं तर मूल स्टेप आठवताना जागा विसरतं. अकराव्यापासून सलग नाच, मध्ये न थांबवता. चूक दिसली तरी शेवटपर्यंत जाऊ द्या आणि नंतर सांगा. दर वेळी थांबवलेल्या गटाला चुकीतून सावरण्याची सवय लागत नाही, आणि कार्यक्रमात तीच उपयोगी पडते.

दहा मिनिटं अंग मोकळं करणं रोज, बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी पंधरा. शहाबादी फरशीवर उड्या मारून नडग्या दुखायला लागतात, म्हणून उड्यांचा सराव मातीवर घ्या आणि एका दिवसात उड्यांचा भाग पाच-सहा वेळांपेक्षा जास्त नको.

एखादी आली नाही तर तिच्या जागी तिची पाण्याची बाटली किंवा कुणाची चप्पल ठेवा. जागा भरून काढायची नाही. शेजारची फूटभर सरकली की दुसऱ्या दिवशी सगळी रांग बिघडलेली असते. तेराव्या मुलीला रोज कुठल्या तरी रिकाम्या जागी उभं करा, म्हणजे तिला तीन-चार क्रमांकांच्या वाटा येतील. तिला नुसतं बाकावर बसवू नका. कार्यक्रमाच्या दिवशी ताप एकीला तरी येतोच.

कपडे दहाव्या सरावापासून. नऊवारी असेल तर निदान जुनी साडी तशीच नेसवून. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, पण पदर लेझमीत अडकतो, तो कमरेला पिनेने पक्का करा. फेटा बांधलेला असेल तर मान झटकायची स्टेप काढून टाका.

मोबाइलवर चित्रण प्रेक्षकांच्या जागेवरून, सगळं स्टेज मावेल इतक्या लांबून करा. त्यात दोन दोष हमखास दिसतील. सगळा गट हळूहळू पुढे सरकलेला असतो, आणि मध्याकडे गोळा झालेला असतो. पुढच्या पावलात जोर असतो आणि मागचं पाऊल आखडतं, म्हणून पुढे. प्रत्येक जण शेजारणीकडे बघून जागा ठरवते, म्हणून मध्याकडे. उपाय: मागे येण्याची पावलं मुद्दाम मोठी शिकवा, आणि प्रत्येक रांगेतल्या दोन्ही टोकांच्या मुलींवर पट्टीची खूण बघण्याची जबाबदारी द्या. त्या दोघी पक्क्या तर मधल्या आपोआप पसरतात.

कार्यक्रमाच्या दिवशी

गाणं पेनड्राइव्हवर आणि एका मोबाइलवर, मोबाइल विमान मोडमध्ये. नाहीतर दुसऱ्या कडव्यात कुणाचा तरी फोन वाजतो. साउंडवाल्याला फाइलचं नाव कागदावर लिहून द्या. दुपारी स्टेजवर एकदा तरी चाला, गाणं नसलं तरी चालेल. चिकटपट्टी लावा, सैल फळी शोधा, आणि मुलींना दिव्यांकडे बघू द्या. उजेड तोंडावर आला की पुढची कड दिसत नाही, हे त्यांना आधी कळलेलं बरं.

मध्येच करंट गेला तर काय करायचं हे आधी ठरलेलं हवं: पुढच्या रांगेतली एक नंबरची मुलगी मोठ्याने मोजायला लागेल, बाकीच्या टाळ्या धरतील, ध्रुवपदाची स्टेप जागेवर चालू ठेवायची. दोन आठव्यांत आवाज आला नाही तर शेवटची मुद्रा घेऊन थांबायचं. अंधार असेल तर पाय अजिबात हलवायचा नाही.

शेवटची मुद्रा तीन मोजेपर्यंत धरा, टाळ्या सुरू झाल्या तरी. मग विंगेच्या बाजूची मुलगी आधी, क्रमाने, चालत बाहेर. सगळ्या आत येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, कारण विंगेजवळचा माइक चालू असतो. लेझमी तिथेच मोजून पोत्यात घ्या. आणि तुमच्या पट्ट्या काढून टाका, पुढच्या गटाच्या खुणा वेगळ्या असतात.